गंजलेल्या जुन्या स्टेशन वॅगनचा रास्त भाव कसा काढायचा

"थोडा गंज आहे, बाकी गाडी टकाटक." जुन्या स्टेशन वॅगनच्या (म्हणजे छत थेट मागपर्यंत नेलेल्या, मागे सामानाची जागा असलेल्या कारच्या) जाहिरातीत हे वाक्य दिसलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. माझी पहिली वॅगन मी याच वाक्यावर भाळून घेतली. रंग चकचकीत, सीट धड, इंजिन अर्ध्या चावीत सुरू. घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी मागचं कार्पेट काढलं आणि स्टेपनी उचलली, तर तिच्याखालचा पत्रा टायरला चिकटून वर आला आणि भोकातून खालची फरशी दिसली. त्या फरशीकडे बघत मी बराच वेळ उभा होतो.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. वॅगनचा भाव तिच्या मागच्या अर्ध्या भागात ठरतो. पुढचा अर्धा भाग बहुतेक मॉडेलांत सेडानचाच असतो: बॉनेट, पुढचे मडगार्ड, पुढची दारं, डॅशबोर्ड. ते भंगारातल्या सेडानवरून मिळतं. पण मागचं दार, लांब बाजूच्या काचा, सामानाचा फ्लोअर, मागचे खांब आणि छताचा मागचा तुकडा फक्त वॅगनचा. वॅगनी मुळात कमी बनल्या, त्यांनी आयुष्यभर ओझी वाहिली आणि मोडीतही लवकर गेल्या. म्हणून पुढच्या मडगार्डातलं मुठीएवढं भोक परवडतं, पण मागच्या काचेच्या चौकटीतला बोटभर गंज परवडत नाही.

आधी शंभर ठरवा

गाडी बघायला जाण्याआधी एक आकडा हातात हवा: याच मॉडेलची, याच बॉडीची, गंज नसलेली, रोज चालवता येईल अशी वॅगन आज कितीला विकली जाते. प्रदर्शनात ठेवायची झळझळीत गाडी इथे धरू नका. या आकड्याला आपण 100 म्हणू. पुढचा सगळा हिशोब याच प्रमाणात करायचा, म्हणजे चलन कुठलंही असलं तरी चालतं.

'विकली जाते' यावर भर द्या. जाहिरातीत मागितलेला भाव ही विकणाऱ्याची इच्छा असते. लिलावात हातोडा पडून सौदा झालेला आकडा, जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या कुणीतरी खरोखर मोजलेले पैसे, हे धरायचं. सहा महिने जागची न हललेली जाहिरातही उपयोगाची असते. तो भाव बाजाराने नाकारलाय, एवढं ती स्पष्ट सांगते. सेडानच्या भावावरून अंदाज बांधू नका. काही मॉडेलांत वॅगन सेडानच्या दुप्पट जाते, काहींत तिला कुणी विचारत नाही.

त्याच वेळी दुसरा आकडाही काढून ठेवा: पत्र्याचं काम जाणणाऱ्या कारागिराचा एक तास या शंभरातला किती होतो. एक तास म्हणजे अर्धा, असं धरलं तर चांगली गाडी म्हणजे कारागिराचे 200 तास. हा आकडा माहीत असला की पुढे फसायला कमी जागा उरते. ज्या मॉडेलची चांगली गाडी 60 तासांच्या किमतीत मिळते, त्या मॉडेलची कुजलेली गाडी दुरुस्तीसाठी घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

फोनवर काय मागायचं

विकणाऱ्याकडून ठरावीक जागांचे फोटो मागवा: स्टेपनीचा खड्डा रिकामा करून, मागचं दार उघडून त्याची खालची कड, सिलची खालची बाजू (म्हणजे दारांखालची लांब पोकळ पेटी), जॅक लावायच्या जागा आणि पायाखालच्या मॅट काढून फ्लोअर. लांबून काढलेले संध्याकाळच्या सोनेरी उन्हातले फोटो बघण्यात वेळ घालवू नका. त्या उन्हात भंगारसुद्धा देखणं दिसतं.

फोटो यायला टाळाटाळ झाली तर गाडी वाईटच आहे असं नाही. अनेकांना खरंच वाकवत नाही. पण "नुकताच खालून काळा लेप मारून घेतलाय" असं ऐकलं की मी सावध होतो. विकायच्या आधी कुणी हौसेने लेप मारत नाही. लेप ताजा आणि त्याखालचा पत्रा दिसत नाही, अशी गाडी मी सगळ्यात वाईट धरूनच मोजतो. लेप खरवडू दिला, तर मग बोलू.

जाताना काय न्यायचं

टॉर्च, दाभण किंवा बोथट स्क्रू-ड्रायव्हर, जुनं पांघरूण, वही आणि फ्रिजवर लावतात तसला चपटा, कमजोर चुंबक. जोरकस चुंबक पुट्टीच्या पातळ थरातूनही पत्र्याला धरतो आणि फसवतो. कमजोर चुंबक कापडात गुंडाळून रंगावरून फिरवला की जिथे तो सुटतो तिथे खाली पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच: कारखान्याचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो, दुसऱ्यांदा रंगवलेला त्याच्या दुप्पट, आणि आकडा हजाराच्या पुढे गेला की तुम्ही रंग मोजत नसून पुट्टी मोजताय. तेही नसेल तर बोटाच्या पेराने ठोका. धड पत्रा टणकन वाजतो, पुट्टी थप्प.

टोचण्याआधी परवानगी घ्या. "खालून दाभण लावून बघू का?" असा सरळ प्रश्न विचारायचा. उत्तर देताना समोरच्याचा चेहराही बघा.

मागून सुरुवात करा

सगळेजण बॉनेट उघडून सुरुवात करतात, कारण विकणारा तिथेच उभा असतो. तुम्ही मागे जा.

मागचं दार उघडा आणि खालच्या कडेचा दुमडलेला पत्रा बोटाने चाचपा. पाणी काचेच्या रबरातून आत उतरतं, दाराच्या पोकळीत साचतं आणि खालची निचऱ्याची छिद्रं बुजलेली असली की आतून बाहेर कुजत येतं. बाहेर रंगाचा एक फुगा दिसतो तेव्हा आतली कड बहुधा गेलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा खातो, म्हणूनच दुमडलेले पत्रे एकमेकांपासून फाकतात. बिजागऱ्या जिथे छताला बसतात तिथला पत्रा बघा. दार उघडताना तो हलत असेल तर काम छताच्या चौकटीचं, म्हणजे महागडं.

मग कार्पेट. पूर्ण काढा, कोपरा उचलून भागणार नाही. स्टेपनीचा खड्डा आणि चाकांच्या कमानींमागचे दोन खिसे बघा. तिसऱ्या रांगेची सीट असेल तर तिच्या पायाचा खड्डाही सोडू नका. चाकाच्या कमानीला दोन पत्रे असतात, बाहेरचा आणि आतला. बाहेरच्यावर सुंदर ठिगळ आणि आतला चाळणीसारखा, ही जोडी मी इतक्यांदा पाहिलीय की आता आधी आतच हात घालतो. कमानीच्या भोकात वर्तमानपत्र कोंबून वर पुट्टी फासलेलीही पाहिलीय. कागदावरची तारीख वाचता येत होती, त्यामुळे निदान 'दुरुस्ती' कधी झाली ते तरी कळलं.

आता बाजूच्या लांब काचा. रबराची खालची कड अंगठ्याने दाबा. खाली कुरकुर आवाज आला किंवा तपकिरी पाणी आलं, तर इथे खरंच पाणी मुरतंय. काच काढणं, चौकट कापणं, नवी घडवणं, पुन्हा न फुटता काच बसवणं हे पत्र्याचं सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि त्या काचेची जागा घेणारी दुसरी काच बहुतेक वेळा मिळत नाही. छताच्या कडेची पन्हळ आणि टपावरच्या कॅरियरचे स्क्रू जिथे बसतात ती भोकं याच फेरीत बघून घ्या.

यानंतर सिल आणि फ्लोअर. इथे गाडीची बांधणी कशी आहे हे कळायला हवं. व्होल्वो 240 किंवा मर्सिडीजच्या 123 मालिकेसारख्या गाड्यांना वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालचा वेगळा सांगाडा, नाही. सिल हीच त्यांची हाडं. जुन्या मोठ्या अमेरिकन वॅगनींपैकी पुष्कळांना आणि 1991 पर्यंत बनलेल्या जुन्या जीप वॅगनियरला खाली वेगळी फ्रेम असते. तिथे सिल कुजली तरी गाडी उभी राहते, पण फ्रेम मागच्या ॲक्सलच्या वर आतून पोकळ झालेली असू शकते. हातोडीने ठोकून बघा. मॉरिस मायनर ट्रॅव्हलरची (1953 ते 1971) तर गोष्टच वेगळी. तिच्या मागच्या बॉडीची लाकडी चौकट शोभेची नाही, ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची ती चौकटच मागचा भाग तोलून धरते. ते लाकूड सांध्यांत काळं पडून मऊ झालं असेल तर सुताराचे तास मोजायला लागा. उलट फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर 1952 पासून पुढे दिसणाऱ्या लाकडाखाली पोलादी बॉडी आहे. वरच्या लाकडी नक्षीच्या फिल्मखाली आणि पट्ट्यांच्या खिळभोकांत गंज लपतो, त्यामुळे चुंबक तिथे फिरवायचाच.

एक चाचणी सगळ्यांना लागू. बंद दारांच्या फटी आधी बघून ठेवा. मग गाडी तिच्या नेमून दिलेल्या जॅकच्या जागी थोडीशी उचला आणि दार उघड-बंद करा. फट तिरकी झाली किंवा दार अडकायला लागलं तर बॉडी वाकतेय. जॅकची जागाच कर्र करत आत गेली तर उत्तर त्याच्याही आधी मिळालं. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका, स्टँड लावल्याशिवाय तर नाहीच.

शेवटी सस्पेन्शनच्या आणि सीटबेल्टच्या पकडी. इथे भोक असेल तर गाडी चालवत नेण्याचा विषय संपतो आणि वाहून नेण्याचा खर्च हिशोबात येतो. मागच्या दाराचं रबर कडक झालंय का तेही बघा. वॅगनच्या मागे धावताना हवेची पोकळी तयार होते आणि फटीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे काम 'नंतर बघू'च्या यादीत टाकायचं नाही.

नसलेल्या वस्तूंची यादी

गंज मोजताना लोक एक गोष्ट हमखास विसरतात: काय नाहीये. तिसऱ्या रांगेची सीट, सामान झाकायचा पडदा, मागच्या खांबांची आतली प्लास्टिकं, कॅरियरच्या पट्ट्या, मागचा वायपर. सेडानवरून यातलं काही मिळत नाही. व्होल्वो 1800 ईएस ही तर 1972 आणि 73 या दोनच वर्षांत 8,077 बनली आणि तिचं मागचं दार म्हणजे एक चौकट नसलेली काच. ती फुटली असेल तर भावाची चर्चा काच मिळाल्यावरच. जनरल मोटर्सच्या 1971 ते 76 च्या मोठ्या वॅगनींत काच छतात सरकते आणि दार फ्लोअरखाली जातं. ती यंत्रणा चालू आहे की "फक्त मोटर अडकलीय" हे स्वतः बटण दाबून बघा. आणि 'सेडानचं सगळं लागतं' हे वाक्य तपासल्याशिवाय घेऊ नका. प्यूजो 504 च्या वॅगनचा व्हीलबेसच (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सेडानपेक्षा 16 सेंटिमीटर लांब आहे आणि मागचा ॲक्सल वेगळा.

इंजिनाबद्दल थोडक्यात

इंजिन सुरू होतंय याला विकणारे जितका भाव लावतात तितका तो नसतो. सेडान-वॅगनमध्ये इंजिन सारखंच, त्यामुळे ते मिळतं. ब्रेक, रबरी नळ्या, टायर आणि इंधनाची टाकी खराबच आहेत असं धरून एक ठोक रक्कम लिहा आणि पुढे चला. दोन अपवाद. मर्सिडीजच्या 123 वॅगनला (1978 ते 86) मागे पातळी आपोआप सांभाळणारं हायड्रोलिक सस्पेन्शन आहे. गाडी मागून बसलेली किंवा दगडासारखी आपटत असेल तर नायट्रोजनचे गोळे, पंप आणि नळ्या यांचा खर्च वेगळा धरा. आणि 80 च्या दशकातल्या पुष्कळशा व्होल्वो 240 मध्ये इंजिनाच्या वायरिंगचं आवरण हात लावल्यावर गळून पडतं. ते बोटाने वाकवून बघायला पाच सेकंद लागतात.

आता आकडेमोड

दोन गाड्या घेऊ. मॉडेल एकच, मागितलेला भाव दोन्हींचा 35, आणि जाहिरातीत दोन्हीकडे 'थोडा गंज'. तासाचा दर आपण ठरवल्याप्रमाणे अर्धा.

पहिली गाडी: पुढचे दोन्ही मडगार्ड गेलेत, पण ते बोल्टवर बसतात. मागच्या दाराची खालची कड आणि जॅकची एक जागा करायची आहे. एकूण 25 तास, म्हणजे साडेबारा. रंग 25. सुटे भाग, रबरं, ब्रेक 15. अनपेक्षितासाठी 5. बेरीज साडेसत्तावन. शंभरातून वजा केले की उरतात साडेबेचाळीस. मागितलेले 35 रास्त आहेत. उगाच घासाघीस करत बसाल तर दुसरा कुणी घेऊन जाईल.

दुसरी गाडी: दोन्ही सिल 50 तास, मागच्या कमानी आतून-बाहेरून 40, सामानाचा फ्लोअर आणि स्टेपनीचा खड्डा 25, मागचं दार 15. झाले 130 तास, म्हणजे 65. वेल्डिंगच्या कामात पत्रा उघडला की काम वाढतंच, म्हणून त्यावर मी तीस टक्के आणखी धरतो, साधारण 20. रंग 25, भाग 15. बेरीज 125. शंभरातून वजा केलं तर उणे पंचवीस. हिशोबाने विकणाऱ्यानेच तुम्हाला पैसे द्यायला हवेत.

तो देणार नाही, आणि गाडी शून्याला जाणारही नाही, कारण तिला खालून एक टेकू असतो: सुट्या भागांची किंमत. धड काचा, तिसरी सीट, कॅरियर, इंजिन, गिअरबॉक्स यांचे बाजारातले भाव लिहा. समजा 30 झाले. मग अर्धे करा. गाडी खोलायला वेळ जातो, जागा अडते, चांगल्या वस्तू महिन्यात जातात आणि बाकीच्या वर्षभर धूळ खातात. उरले 15. या गाडीचा रास्त भाव 15 च्या आसपास, वाहून नेण्याचा खर्च त्यातूनच वजा.

थोडक्यात, दोन आकडे काढा, एक दुरुस्तीच्या बाजूने, एक भागांच्या बाजूने. जो मोठा येईल तो तुमचा कमाल भाव.

"पण मी स्वतः वेल्डिंग करणार आहे." छान. मग तुमचे तास शून्य धरायचे की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ते मोजा जरूर. 130 तास म्हणजे दर आठवड्याला सहा तास दिले तर बावीस आठवडे, आणि हा वेग अनुभवी हाताचा. शिकाऊ माणसाला दुप्पट लागतात. तेवढा काळ गाडी छपराखाली उभी राहायला हवी. आणि आपले फुकटचे तास विकणाऱ्याच्या खिशात घालायचं काही कारण नाही. तुम्ही स्वतः राबणार म्हणून गाडी 15 ची 35 होत नाही.

हा हिशोब जिथे कोलमडतो अशाही गाड्या आहेत. शेव्हरोलेची 1955 ते 57 ची दोन दारी नोमॅड घ्या. तिचं छत, बाजूच्या काचा, मागचं दार इतकं वेगळं आहे की कुजलेल्या गाडीतले हे तुकडेच पैसे काढून देतात. अशा गाडीत भागांच्या बाजूचा आकडा आधी काढा. मात्र 'दुर्मीळ' आणि 'मागणी असलेली' या दोन वेगळ्या गोष्टी. कुणालाच नको म्हणूनही गाडी दुर्मीळ होते.

कागद

चेसिस क्रमांक कागदाशी जुळवून बघा. क्रमांक ठोकलेला पत्राच कुजलाय किंवा त्याच्या भोवती नवं वेल्डिंग दिसतंय, तर ती गाडी फक्त भागांच्या भावाने, आणि खरं तर तेव्हाही नको. कागद नसलेली गाडीसुद्धा भागांचीच, मग पत्रा कितीही धड असो.

भाव बोलताना

वहीतली यादी विकणाऱ्यासमोर ठेवा. "गाडी खराब आहे" म्हटलं की माणूस दुखावतो. त्या गाडीतून त्याच्या वडिलांनी त्याला शाळेत सोडलेलं असतं. "सिलचे 50 तास धरलेत, तुम्हाला कमी वाटतायत का?" असं विचारलं की बोलणं तासांवर येतं. एकच आकडा सांगा, तो का ते सांगा, आणि नंबर देऊन निघा.

अशीच एक गाडी मी 12 ला मागितली होती, त्यांना 30 हवे होते. पाच महिन्यांनी फोन आला: "तुम्ही म्हणाला होतात तेवढ्यालाच देतो." गाडी कुठे उभी होती विचारलं. अंगणात, उघड्यावर, सगळा पावसाळाभर. मी दाभण घेऊन पुन्हा गेलो. आधी कडक लागलेला डाव्या काचेचा खालचा कोपरा आता मऊ होता आणि दाभण अडीच इंच आत गेली. भागांच्या यादीतून ती एक काच पुसली, आणि 10 ला सौदा झाला.